न धुतलेला पंप

केरूदादांनी माझ्या ओटीवर वालाची एक फांदी ठेवली आणि उभेच राहिले. पानं वाटीसारखी वर वळलेली, देठ पिळवटलेले, शेंडा खाली वाकलेला. मी रोह्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, म्हणून आमच्या खांब गावातल्या लोकांना झाडांची डॉक्टर मीच वाटते. एरवी 'दुकानात दाखवा' म्हणून मी सुटका करून घेते. त्या दिवशी ते जमलं नाही, कारण हे वाल त्यांच्या बायकोचे, शांतीवहिनींचे होते.

वहिनी भाद्रपदात गेल्या. गडबच्या माहेराहून आणलेलं बारीक, गोडसर वालाचं बी त्या दर वर्षी राख लावून मडक्यात भरून ठेवायच्या. भात कापून झाल्यावर केरूदादांनी ते मडकं उपडं केलं आणि होतं नव्हतं तेवढं सगळं पेरून टाकलं. मूठभर मागे ठेवायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं. मुलगा जितेश चाकणला कंपनीत, शिफ्टमधून सवड मिळाली तर फोन करणार. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून हा माणूस वालांशी बोलायचा. बसला जाता-येता मी ऐकलंय. हसू यायचं, तरी मी पावलं हळू करायचे.

"रोग हाय का, बाई?"

"फवारलंत काय?"

"माव्याच्या किडीवरचा औषद."

"आणि त्याआधी त्या पंपातून?"

"बांधावर तणनाशक."

"मधे पंप धुतलात ना?"

बैलाचे दात घासता का, असं विचारल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पंप धुवायचा असतो?"

साठीला आलेला शेतकरी हा! मला राग आला, आणि राग आला की मी शिकवायला लागते. म्हटलं, पानाच्या आत प्रथिनं असतात. त्यातल्या एकाला एक खोबण असते, वाढीच्या संप्रेरकासाठी राखून ठेवलेली जागाच म्हणा. संप्रेरक येऊन तिथे बसलं की पानाला निरोप पोचतो, वाढ. काम झालं की झाड त्याला मोडून टाकतं, जागा मोकळी होते. तुमचं तणनाशक त्याच संप्रेरकाची नक्कल आहे. ते त्याच जागेत जाऊन बसतं. भात त्याला मोडू शकतं म्हणून वाचतं. वालाला ते जमत नाही. तो निरोप संपतच नाही, आणि झाड वेडंवाकडं वाढून वाढून मरतं. पंपाच्या तळाला राहिलेलं थोडंसंही वालाला पुरतं.

"म्हंजे पानाला कळत नाय, जाग्यावर कोन बसलाय ते?"

"नाही कळत."

त्यांनी फांदी उचलून पालथी केली. "मंग इतकी वर्षं कदी झाला नाय असा?"

आता सांगणं भाग होतं. "वहिनी धुवायच्या पंप. तुम्ही फवारून जेवायला बसलात की त्या विहिरीवर घेऊन जायच्या. सोड्याच्या पाण्यानं, तीन-तीनदा. बसला जाता-येता मी बघायचे."

केरूदादा खाली बसले. "मला वाटायचा, तो साफच ऱ्हातो."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्यांनी विचारलं, "बी गेला का गो बाई तिचा?" बघितल्याशिवाय सांगता येत नाही, म्हटलं. आम्ही शेतावर गेलो.

वाटेकडच्या सगळ्या ओळी पिळवटलेल्या होत्या. पण पार पलीकडे, ओढ्याच्या अंगाला, दोन ओळी सरळ उभ्या दिसल्या, पानं सपाट.

"इथे कितव्यांदा भरलेला पंप मारलात?"

"तिसरा. शेवटचा."

पहिल्या दोन वेळच्या पाण्यानं आतलं विष वालांवर ओतून पंप धुऊन काढला होता. तिसरा जवळजवळ स्वच्छ होता. "यातली एकही शेंग हिरवी तोडायची नाही," मी बजावलं.

त्यांनी तोडली नाही. जितेशनं फोनवर, मडक्यात वालाच्या शेंगा भाजून करतात त्या पोपटीला येतो म्हटलं, तर या माणसानं पोराला सांगितलं, या साली वाल नाय. पोरगा आला नाही. पोराला बघायला आसुसलेला बाप, पण शेंगांना हात लावू दिला नाही. दिवसभर त्या दोन ओळींपाशी बसून शेळ्या हाकलायचे.

फाल्गुनात वाल वाळले. केरूदादांनी मला बोलावलं. सुपात जेमतेम दोन ओंजळी बी होतं, बारीक, वहिनींचंच. ते हळूहळू राख चोळत होते.

"वाचलं की बी," मी म्हटलं.

"व्हय." हात चालूच होते. "पंप धुते म्हनून तिनं मला येकदाबी सांगितला नाय, बाई."

"त्यांना वाटलं असेल, तुम्हाला दिसतंय."

बोलून गेले आणि जीभ चावली. केरूदादांचा हात राखेतच थांबला.

"मी इहिरीवर गेलोच नाय कदी," ते म्हणाले.

मग त्यांनी बी मडक्यात भरलं, तोंडाला फडकं बांधलं. खुंटीवरचा पंप काढला. दोन महिन्यांत तो कोणी वापरलाही नव्हता. सोड्याची पुडी शोधायला त्यांना बराच वेळ लागला. ती सापडल्यावर पंप खांद्याला अडकवून ते विहिरीवर धुवायला गेले.