मामंजींचं दुपारचं ताक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढेही मी मुलांच्या परीक्षांचं बोलते आणि हे तेवढं वगळते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय — बघा, इथंही मी सोपं तेच शोधलं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, माण तालुक्यातले. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. ते फौजेत गेले, सुभेदार होऊन परतले आणि गुडघे थकल्यावर सासूबाईंना घेऊन सांगलीला, विश्रामबागेत आमच्याकडे राहायला आले. शुगर त्यांना आधीपासूनच होती. पण पथ्य कसलं कडक! चहा बिनसाखरेचा. सणाला पुरणपोळी ताटात आली तर स्वतःच्या हातानं बाजूला काढायचे. फक्त दुपारी जेवणावर पेलाभर ताक हवं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं — लस्सी नको, दूध बेतानं, साधं ताक सगळ्यात बरं.

आणि माझं ताक त्यांना आवडायचं नाही.

"लय आंबट हाय गं," म्हणायचे आणि पेला सारून ठेवायचे. सासूबाई तो उचलून माझ्यादेखत मोरीत ओतायच्या. ते ओतणं मला झोंबायचं. एवढ्याशा गोष्टीनं माणूस किती खाली उतरू शकतं?

एका दुपारी मी त्यांच्या पेल्यात साखर घातली. वरून आलं, जिरं, मीठ. मामंजींनी एका दमात पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि सासूबाईंना म्हणाले, "ह्याला म्हणत्यात ताक. शिक जरा सुनेकडनं."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी साखर थोडी वाढली. हात आपोआप जायचा — नाही, खोटं. आपोआप काही जात नव्हता. मी डबा उघडत होते, चमचा भरत होते, ढवळून विरघळलीय का ते बघत होते. पेलाही लगेच मीच विसळायचे.

मग त्यांची शुगर चढायला लागली. विजय, माझा नवरा, गोंधळला. त्यानं घरी तपासायचं यंत्र आणलं. म्हणाला, जेवण तेच ठेवू, एक दिवस दूध देऊ, एक दिवस ताक, बघू कशानं वाढतेय. मामंजी शहाण्या मुलासारखं बोट पुढं करायचे. दुधावर आकडा थोडासा वाढला. ताकावर — भडकला.

"ताकानं कशी वाढेल? दुधापेक्षा जास्त?" विजय मला विचारत होता. मी कोथिंबीर निवडत होते. त्या दिवशी तरी साखर का नाही वगळली? कारण वगळली असती तर आकडा उतरला असता, आणि रोजच्या ताकात काहीतरी पडतंय हे कळलं असतं. एवढा हिशेब मी केला होता. म्हातारा माणूस सुई टोचून घेत होता आणि मी हिशेब करत होते — थू!

डॉक्टर म्हणाले, हे चोरून काहीतरी गोड खातायत. झालं! सासूबाईंनी त्यांची ट्रंक उपसली, सदऱ्यांचे खिसे उलटे केले. विजय, जो बापापुढं कधी आवाज चढवत नसे, तो ओरडला, "आबा, लहान हाय का तुमी?"

"खंडोबाची आन," मामंजी म्हणाले, "म्या साखरंचा कण बी खाल्ला न्हाई."

कुणी विश्वास ठेवला नाही. साखरेचा डबा कपाटात गेला, कपाटाला कुलूप लागलं. आणि किल्ली? माझ्याकडे. घरात सगळ्यात भरवशाची मीच ना!

डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. तेव्हा मात्र मी घाबरले आणि साखर बंद केली. एकदम. कुणाला न सांगता. चोर ठरलेले मामंजी आता आंबट ताकही तक्रार न करता पीत होते. वाढीव गोळ्या आणि साधं ताक — त्याचं काय होईल हे मला कळत नव्हतं? थोडं कळत होतं. विचारायला गेले असते तर सांगावं लागलं असतं.

दोन-चार दिवसांत, संध्याकाळच्या सुमाराला, मामंजी खुर्चीतून खाली घसरले. अंग घामानं भिजलेलं, डोळे भलतीकडेच, आणि तोंडानं मेंढरं हाकत होते — "हुर्रर्र... हुर्रर्र..." सासूबाई किंचाळल्या. मी कपाट उघडलं, साखरेचं पाणी केलं, चमच्याचमच्यानं त्यांच्या तोंडात घातलं. हळूहळू त्यांनी मला ओळखलं.

सगळ्या पाहुण्यारावळ्यांत गाजलं — सुनेनं सासऱ्याचा जीव वाचवला. सासूबाईंनी माझी दृष्ट काढली. मी काढू दिली. मीठ-मोहऱ्या माझ्यावरून ओवाळल्या जात होत्या आणि मी डोळे मिटून उभी होते. विजय अजून ती गोष्ट लोकांना कौतुकानं सांगतो. मी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो.

मामंजी पुढं हृदयविकारानं गेले. त्याचा ह्याच्याशी संबंध होता की नाही, मला ठाऊक नाही. मी कुणाला विचारलं नाही.

पण सांगायचं आहे ते अजून वेगळंच. मामंजी खुर्चीतून पडले, त्यानंतरच्या दिवसांतलं. एका दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या. ते स्वयंपाकघराच्या दारात आले, चौकटीला धरून उभे राहिले. ज्या माणसानं साहेबासमोरही मान खाली घातली नसेल, तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पोरी, म्याच खाल्लं आसंल गं. मला आठवत न्हाई. डोस्कं चालंना आता. तुमास्नी लय तरास दिला... माफ कर."

त्यांनी हात जोडले होते.

मी पदराला हात पुसले. म्हणाले, "असू द्या, मामंजी. पण परत असं करू नका."

"न्हाई करणार," ते म्हणाले.