उंबऱ्याखालची घंटी

खुनाच्या आणि दरोड्याच्या तपासांतले बारकावे आता पुसट झाले आहेत. पण एका स्वस्तातल्या फ्लॅटचा उंबरा मी फोडायला लावला, ती सकाळ काही केल्या विसरत नाही.

सांगली आणि मिरजेच्या मधल्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रमुख होतो. जिथं हळद आणि ऊस पिकायचा, तिथं तीन मजली इमारती उठत होत्या. एमआयडीसीत कामाला जाणाऱ्यांना परवडतील असे दोन-दोन खोल्यांचे फ्लॅट.

एका सकाळी जत तालुक्यातला एक तरुण आईला घेऊन ठाण्यात आला. तो कारखान्यात मशीनवर कामाला होता. घराण्याचा मेंढपाळीचा धंदा. आईनं अख्खा कळप विकून मुलाला फ्लॅट घेऊन दिला होता. ताबा घ्यायला गेले तर दाराला दुसऱ्याच कुटुंबाचं कुलूप. आठवड्याभरात आणखी एकजण तीच तक्रार घेऊन आला. कुलूपवाले धरून एक फ्लॅट, तीन मालक.

बिल्डरला बोलावलं. माणूस मोठा गोड. दर वाक्याला 'साहेब' म्हणणाऱ्याकडे मी नेहमी जरा जास्त लक्ष देतो. "साहेब, कुलूपवाल्यांचा फ्लॅट इथला. बाकी दोघांचे शेजारच्या इमारतीत, ती पुरी व्हायची आहे." करारनाम्यात नुसतं 'दुसऱ्या मजल्यावरील फ्लॅट' एवढंच लिहिलेलं. नोंदणीची पावती कुणाकडेच नव्हती. नोटरीच्या शिक्क्यावर तिघांनी विश्वास टाकला होता.

तिघांनीही त्या दारात, उंबऱ्याच्या जागी पूजेची पुरचुंडी ठेवून, चौकटपूजा केली होती. मोबाइलवर फोटो होते. पण दोन्ही इमारतींतल्या सगळ्या चौकटी एकाच लाकडाच्या, भिंती बिनगिलाव्याच्या. फोटोतली चौकट नेमकी कोणती, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येईना. तपास तिथंच अडला.

मग ठाण्यात एका बाईचा फोन आला. "ज्यानं चौकट बसवली त्याला इचारा," एवढं बोलून तिनं ठेवून दिला. ती त्या गवंड्याचीच बायको होती, हे पुढं कळलं.

गवंड्याला आणलं. तासभर तो नखातलं सिमेंट कोरत बसला. मी कागद बाजूला सारून विचारलं, "पूजेचं सामान कुठं टाकलंस?" त्याचा हात थांबला.

"टाकलं न्हाई, सायेब. एकाच उंबऱ्याखाली तीनदा पूजा झाली. शेट म्हनला, आधीची पुरचुंडी काढून कचऱ्यात टाक. पर देवाचं सामान टाकायला माझा हात धजंना. वरनं वाळू टाकत गेलो आन् शेवटाला उंबरा पक्का केला."

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन आम्ही फ्लॅटवर गेलो. छिन्नी लागणार इतक्यात ती आई पुढं झाली.

"आवं सायेब, पुजलेला उंबरा उकरू नगा. घर लाभत न्हाई मग."

"मावशी, पुरावा खाली आहे. तो निघाला तरच घर मिळेल," मी म्हणालो, आणि गवंड्याला खूण केली. ती तोंड फिरवून उभी राहिली.

वरच्या दोन पुरचुंड्या तांबड्या खणाच्या. हळकुंड, सुपारी, नाणं. सर्वांत खालची काळ्या घोंगडीच्या तुकड्यात बांधलेली. आत जोंधळे आणि एक पितळी घंटी. म्होरक्या मेंढीच्या गळ्यातली. कळप विकताना आईनं तेवढी ठेवून घेतली होती. सर्वांत खाली म्हणजे सर्वांत आधी. पहिला सौदा मायलेकांचा होता. बिल्डरचा गोडवा तिथंच संपला. त्याला अटक झाली.

मी खूश होतो. घंटी लाखेनं सीलबंद करताना आई जवळ आली. "ती तेवढी द्या माजी."

"मुद्देमाल आहे, मावशी. कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नाही."

काही आठवड्यांत बिल्डर जामिनावर सुटला. ती ठाण्यात आली आणि शांतपणे म्हणाली, "त्यो सुटला. माजी घंटी कवा सुटायची?" खरं सांगायचं तर लाज वाटली.

बाकी दोघांनी पैसे परत घेतले आणि फ्लॅट मायलेकांना मिळाला. पण घंटी मुद्देमालाच्या खोलीतच राहिली. खटला रखडला, माझ्या बदल्या झाल्या, मी निवृत्तही झालो. मग एके दिवशी मुलाचा फोन आला. निकाल लागला होता, घंटी परत मिळाली होती. आईनं बोलावलं होतं.

गेलो. दारात उंबराच नव्हता. आम्ही फोडलेली चर तशीच होती. इतकी वर्षं घरातली माणसं ती ओलांडून ये-जा करत होती. तिनं बुजवू दिली नव्हती. शेजारी नवी दगडी पट्टी आणि कालवलेलं सिमेंट तयार होतं.

पंचनाम्यात मी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'पितळी घंटी, जुनी, एक नग, किंमत नगण्य.' आयुष्यभर शेकडो पंचनामे लिहिले. त्यातलं एक वाक्य खोडता आलं असतं तर हेच खोडलं असतं. लोकांच्या वस्तूंची किंमत आपण ठरवायची नसते, हे मला निवृत्तीनंतर समजलं.

तिनं घोंगडीत बांधलेली घंटी माझ्या हातात दिली. "तुमीच काढलीसा, आता तुमीच ठिवा."

गुडघे कुरकुरत होते, तरी खाली बसून मी ती चरीत ठेवली. घोंगडीच्या आत ती बारीक वाजली. मुलानं पट्टी बसवली. मी अजून बाहेरच उभा होतो.

"या, सायेब," ती म्हणाली, "आता घरात या."