आप्पांचं वाक्य

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या इंग्रजीच्या क्लासमध्ये आज वह्या तपासताना एका मुलीने 'विल'चं 'वुड' केलेलं दिसलं आणि मला चंदगडच्या शाळेतला दहावीचा वर्ग आठवला.

कांबळे बाईंनी इनडायरेक्ट स्पीच शिकवून घरात कानावर पडलेलं एक वाक्य इंग्रजीत करून, बदलून आणायला सांगितलं होतं. मी वडिलांचं, आप्पांचं लिहिलं, 'मी हिला पुढं शिकवणार नाही.' 'आय'चा 'ही' केला, 'विल'चं 'वुड'. बाईंनी बरोबरची खूण केली आणि हळूच विचारलं, "खरंच म्हणाले असं?" मी मान डोलावली.

संध्याकाळी बाई आमच्या अंगणात हजर. काजूबिया वाळत पडल्या होत्या, त्यांचा उग्र वास सुटला होता.

"पोरगी हुशार आहे, आप्पा."

"हाय की. पर कॉलेज कोल्हापुरात. ऱ्हाणार कुठं?"

"माझ्या बहिणीकडं राहील."

आप्पा बराच वेळ बिया चाळवत राहिले. मग म्हणाले, "न्या मग."

माझं व्याकरण अचूक आलं म्हणून बाई खूश होऊन आल्या, असंच मला तेव्हा वाटलं. आता रोज वह्यांचे गठ्ठे तपासताना कळतं, खुणा करण्याच्या नादात मुलांनी काय लिहिलंय ते वाचायचंच राहून जातं. बाईंनी माझं वाचलं होतं.