यादीत दिसलेली दोन यंत्रं

माझी नणंद पन्नाशीची झाली तरी घरात बेबीच. इस्पितळातल्या नोंदी शोधून देणारी यंत्रं ती सांभाळते. अकरा वर्षं प्रत्येक यंत्राचा पत्ता तिनं स्वतः लिहून इतर यंत्रांना दिला.

"तुझी यंत्रं आपली आपण एकमेकांना ओळखत नाहीत का?" मी एकदा विचारलं.

"मी ओळख करून दिल्याशिवाय नाही. आपल्याकडच्या पुरुषांसारखीच."

मग यंत्रं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या संगणकांवर गेली. साहेबांनी हुकूम काढला की यापुढे पत्ते लिहायचे नाहीत. सगळ्या यंत्रांना एकच खूण द्यायची. तीच खूण दिसली की यंत्रं एकमेकांना शोधून आपल्यात घेतील.

बेबीनं आधी सरावाची दोन यंत्रं घेतली. पण त्यांच्यासाठी खऱ्या यंत्रांच्याच मांडणीची फाईल उतरवून घेतली, खुणेसकट. एकमेकांना सापडलेल्या यंत्रांच्या यादीत दोन्ही दिसली, म्हणून ती खूश झाली. यादीत एकूण किती आहेत, ते पाहिलं नाही. खऱ्या यंत्रांनी ही दोन रिकामी यंत्रं आपलीच समजून त्या दिवसाच्या नोंदी त्यांच्यावर ठेवल्या. पाच वाजता बेबीनं नेहमीसारखी सरावाची यंत्रं पुसली आणि घरी आली.

सहाला एक बाई काउंटरवर आली. नवऱ्याला अपघात झाला होता. काउंटरवालीनं नाव टाकून पाहिलं. "या नावाचं कोणी नाही हो इथे." ती बाई दुसरी दोन इस्पितळं धुंडाळून नऊला परत आली. नवरा इथेच वरच्या मजल्यावर होता, साडेआठला दगावला होता. शेवटपर्यंत शुद्धीत होता, असं नर्स म्हणाली.

मधल्या वेळात बेबीच्या मोबाईलवर इशारा आला होता. तिनं घरूनच, मूळ नोंदवहीवरून सगळं परत भरलं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी साहेबांनी शोधलं तर नाव झटकन सापडलं. काउंटरवालीनंच नाव चुकीचं टाकलं असणार, असं ठरलं.

"वहिनी, चूक माझी होती, मी सांगते साहेबांना," बेबी भाजी निवडता निवडता म्हणाली.

आतल्या खोलीत तिचा भाऊ, माझा नवरा, अर्धांगानं पडलेला. घर तिच्या एकटीच्या पगारावर.

"दोन दिवस थांब," मी म्हणाले. "त्यांचा राग निवू दे."

ती थांबली. तिसऱ्या दिवशी काउंटरवालीला काढलं. त्याच दुपारी बेबी साहेबांसमोर उभी राहिली.

संध्याकाळी आली ती चपलांसकट स्वयंपाकघरात.

"सांगितलं सगळं."

"मग?"

"म्हणाले, चौकशी संपली. आता यंत्रं नीट चालताहेत ना? मग हे कुठे बोलू नका."

"म्हणजे नोकरी आहे?"

"माझी आहे," बेबी म्हणाली. मग आत जाऊन भावाची कूस बदलू लागली. एरवी त्यासाठी ती मला हाक मारते. त्या दिवशी मारली नाही.