आई असताना काढलेली मिशी

मागच्या महिन्यात माझ्यामुळे आमच्या गल्लीत रडारड झाली आणि त्याच दिवशी मी सिनेमात काम केलं. दोन्ही गोष्टी एका मिशीमुळे झाल्या... नीट सांगतो.

परतूरला माझं शिलाईचं दुकान आहे, भगवान टेलर्स, पण नाटकाचं वेड त्याहून जुनं. गणपतीतल्या नाटकांत मी दरोडेखोर झालो, पाटील झालो, फौजदार झालो... सगळे मिशीवाले. साठी उलटली तरी "सिनेमात कधी?" असं कुणी चेष्टेनं विचारलं, की मी "येईल फोन" असंच म्हणायचो.

आणि आला की राव फोन! आपल्या भागात एका सिनेमाचं शूटिंग चालू होतं, त्यांना वयस्कर माणूस हवा होता. सीन आईच्या दहाव्याचा. मुलानं पिंड ठेवायचा, कावळा शिवत नाही म्हणून हात जोडायचे आणि म्हणायचं, "आई, तुझं काही राहिलं असंल तर सांग, मी करतो."

एवढंच वाक्य. पण मी ते काज करताना म्हटलं, बटन लावताना म्हटलं... एका गिऱ्हाइकाच्या पँटीची उंची घेतानाही म्हटलं. तो बिचारा म्हणाला, "काही राह्यलं न्हाई, फक्त ढिली शिवा."

आदल्या दिवशी शूटिंगवाल्या मॅडमचा फोन आला. काका, उद्या मिशी काढून या, दहाव्याचा सीन आहे. डोक्याचा प्रश्नच नव्हता, तिथं टक्कल आहे... पण मिशी?

आमच्याकडं आईबाप गेल्यावरच मिशी उतरवतात. वडील गेले तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं, त्यामुळे माझ्या मिशीला कधी वस्तरा लागलाच नव्हता. आणि आई तर ओट्यावर बसून मुगाच्या शेंगा सोलत होती... ठणठणीत.

बायकोला सांगितलं तर ती कणीक मळायची थांबली. "आत्याबाई जित्त्या असताना तुमी मिशी काढता? लाज हाय का काही?" बोलणं तिचं बराबर होतं, पण... हे काम हातचं गेलं, तर दुसरा फोन कोण करणार मला, या वयात?

आईला विचारायची हिंमत झाली नाही. सकाळी गुपचूप सलूनमध्ये जाऊन बसलो.

मिशी काढा म्हटल्यावर सलूनवाल्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं, वस्तरा खाली ठेवला आणि तो माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "कवा गेल्या माय?" मी म्हटलं, अरे गेली नाही, सिनेमा आहे. त्याला वाटलं, दुःखानं मला काही सुचत नाहीये. तो हळूहळू, फार मायेनं वस्तरा चालवत राहिला... आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस अर्धी दाढी तशीच ठेवून फोन लावायला बाहेर गेला.

तोंडाला रुमाल बांधून मी घराकडं निघालो. म्हटलं, कपड्यांची पिशवी उचलायची आणि पसार व्हायचं. तर गल्लीत ही गर्दी... बायका पदर तोंडाला लावून उभ्या, कुणीतरी तिरडीच्या बांबूची चौकशी करतंय. आणि ओट्यावर आई शेंगा बाजूला ठेवून एकेकीला विचारतेय, "काहून रडून राह्यल्या बायांनो? कोण गेलं?"

कुणाची सांगायची छाती होईना. तेवढ्यात माझा फोन वाजला. मंठ्याहून माझी मोठी बहीण, अक्का, हुंदके देत... "भगवान, म्या निघाले, तोवर मायला हलवू नका रे."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "म्या कुठं जाऊन राह्यले? निघालीच हायेस तर ये, दोन दिवस राह्य," म्हणाली आणि फोन मला परत दिला. मंग म्हणाली, "रुमाल काढ."

काढला. सगळी गल्ली बघत होती. मी सगळं सांगून टाकलं... सिनेमा, दहावा, मिशी. या वयात मी तिच्यापुढं लहान पोरासारखा मान खाली घालून उभा होतो, आणि खरं सांगतो, तिनं नको म्हटलं असतं तर मी गेलो नसतो.

आईनं माझ्या ओठावरून अंगठा फिरवला. "म्या गेल्यावर असा दिसणार व्हय तू... बरं झालं, मला बघायला तरी मिळालं." आणि हसायला लागली. "शाळेत जायचास तसाच दिसून राह्यला. जाय आता, जल्दी."

पोचलो. नदीच्या काठावर एवढे लाईट, एवढी माणसं, आणि कॅमेरा माझ्याकडं! पिंड ठेवला, हात जोडले. "आई, तुझं काही राहिलं असंल तर..." आणि डोळ्यांसमोर तिचा तो अंगठा आला. उरलेलं वाक्य रडतच बोललो. डायरेक्टर म्हणाले ओके, दुसरा टेक नको. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात इतका खूश कधीच झालो नव्हतो, आणि माझं रडूही थांबत नव्हतं.

घरी आलो तर आई आणि अक्का जेवायला माझी वाट बघत होत्या. आईनं विचारलं, "काय बोललास तिथं?" मी तिच्यासमोर बसलो, हात जोडले आणि म्हटलं, "आई, तुझं काही राहिलं असंल तर सांग, मी करतो."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "तुझा सिनिमा बघायचा राह्यला."

तेव्हापासून मी मॅडमना रोज फोन करतोय, सिनेमा कधी लागणार म्हणून. त्या बिचाऱ्या कंटाळल्या असतील, पण मी शब्द दिलाय. मिशी हळूहळू येतेय परत... आणि आई रोज सकाळी ती किती वाढली ते बघते, यापेक्षा मोठं सुख मला तरी माहीत नाही.