त्रिखंडे सरांचा दोर

त्रिखंडे सर शिंकसुद्धा तीन भागांत देत. पहिली आली की समोरचा माणूस बोलायचं थांबवी, दुसरीला दचके, आणि तिसरीची वाट बघत ताटकळला की सर नाक पुसून म्हणत, "ती उद्या." खरं आडनाव वेगळंच होतं, पण शिरूर कासारात ते पोस्टमनलाही आठवत नसे. मी तिथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल. म्हणजे कुलूप उघडणारा, झाडू मारणारा आणि सरांचा पहिला वाचक.

"एका पुस्तकात संपणारी गोष्ट म्हणजे आला, जेवला, गेला असा पाहुणा," सर सांगत. "तीन भागांची गोष्ट मुक्कामी येते. पहिल्या दिवशी कौतुक, दुसऱ्या दिवशी वैताग, अन् तिसऱ्या दिवशी ती निघाली की घर रडतं!"

त्यांच्या कादंबरीचा पहिला भाग आला तो निम्मं गाव ऊसतोडीला निघायच्या दिवसांत. शेवटच्या पानावर नायक सर्जा विहिरीत दोराला लटकलेला आणि खालून पाणी चढतंय. बस, भाग संपला! दोर कशाचा, हे सरांनी लिहिलंच नव्हतं. माणसं पुस्तक घेऊन कारखान्यांवर गेली आणि उसाच्या फडात रोज भांडणं.

"अंबाडीचा असंल तर मेला बे त्यो!"

"नायलॉनचा हाय! लाव पैज!"

एका टोळीनं तर निकाल लावायला मुकादमालाच विहिरीत लटकवला. दोर नायलॉनचा होता, म्हणून मुकादम वाचला. हंगाम संपला तशी ही मंडळी बिऱ्हाड न उतरवता ट्रॅक्टरसकट सरांच्या दारात. "सर, दोर तुटला का?"

सरांनी दुसरा भाग हातात ठेवला. साडेतीनशे पानं. सर्जा तिथंच लटकलेला आणि सगळा भाग विहीर खोदणाऱ्याच्या सासुरवाडीबद्दल. लोकांनी शिव्या घालत तो दोनदा वाचला.

घोळ झाला तो बप्पांमुळं. बप्पांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. वाचता येत नसे, म्हणून दोन्ही भाग मीच वाचून दाखवले होते. ते आजारी पडले आणि बीडच्या डॉक्टरनं "घरी न्या" म्हणून सांगितलं. पाहुणे जमले, रडायची तयारी झाली. तेवढ्यात बप्पांनी एक डोळा उघडला. "सर्जा वर येतो का खाली जातो, ते कळल्याबिगर म्या जात न्हाई." पाहुणे चार दिवस थांबले आणि कंटाळून गेले. आठवड्याभरात बप्पा पुन्हा मेंढरांमागं!

इकडं सर तिसरा भाग काखेत मारून बीडच्या छापखान्याकडं निघालेले. बप्पांची सून सुंद्रा एसटीपुढं आडवी उभी राहिली. "सर, ह्यो छापला की आमचं म्हातारं जाईल. कशापायी जीव घेता त्याचा?"

सर खाली उतरले. हस्तलिखित ट्रंकेत गेलं. पुढची सहा वर्षं गाव म्हणत राहिलं, सरांना शेवट जमेना. वाचकांसाठी जीव टाकणारा हा माणूस ते हसत ऐकून घेई. मला एकदा म्हणाले, "लेखक तीन भाग कशाला लिहितो? वाचकानं परत यावं म्हणून. आमचा वाचक तर जाईनाच!"

गेल्या वर्षी सरांना हृदयविकाराचे दोन झटके आले, तरी आम्ही निर्धास्त होतो. तिसऱ्याला मात्र ते "उद्या" म्हणाले नाहीत.

ट्रंक माझ्याकडं आली. महिन्याभरानं बप्पा काठी टेकत वाचनालयात आले. "सर गेले. आता मी तरी कुणासाटी थांबू? काढा तिसरा भाग."

मी पहिलं पान उघडलं. सरांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: दोर अंबाडीचा होता, तोही कुजलेला.

"कशाचा हाय?" बप्पांनी विचारलं.

"नायलॉनचा, बप्पा. कोरा करकरीत."

"आन् पाणी?"

"उतरायला लागलंय."

बप्पा गालात हसले. "तुमीबी सरांवानीच झालात बगा," म्हणाले, आणि काठी घेऊन उठले. "दम हाय मंग गड्याला. पुढचं सावकाश वाचू."