वाटून खाल्लेलं औषध

मोताळ्याच्या बाजाराच्या दिवशी दवाखाना गच्च भरलेला असतो आणि माझं डोकं उठलेलं असतं. त्वचेची डॉक्टर म्हणून इथे बसू लागले तेव्हा नाना तऱ्हेचे आजार बघायला मिळतील असं वाटलं होतं. मिळालं गजकर्ण. सकाळी गजकर्ण, दुपारी गजकर्ण. मी तेच ते सांगते: मनाने मिक्स ट्यूब आणून लावू नका, तिच्यातल्या स्टेरॉइडने खाज थांबते पण बुरशी पसरत राहते. गोळ्या मधेच सोडू नका, अर्धवट औषधाने बुरशी निर्ढावते. लोक मान डोलावतात आणि घरी जाऊन हवं तेच करतात. पालथ्या घड्यावर पाणी! हल्ली माझ्या बोलण्याचा मलाच वीट येतो.

त्यात ती आली. जवळच्याच खेड्यातली, कापूस वेचायला जाणारी, तरुण. परकराची नाडी करकचून बांधतात तिथे, कमरेभर चट्टे. पण तिचं दुःख वेगळंच होतं. लागण होईल म्हणून सासूने तिचं अंथरूण ओसरीवर काढलं होतं आणि वर्षाची मुलगी तिच्याकडे देत नव्हती.

"लेकरू माह्याकडं झेप घेते मॅडम, अन् सासू तिले घेऊन घरात जाते," म्हणाली आणि रडायला लागली.

मी पूर्ण कोर्स लिहून दिला. पुन्हा आली तेव्हा चट्टे जसेच्या तसे. मी भडकले. "गोळ्या घेतल्या की फेकल्या?"

"घेतल्या ना. अर्ध्या."

"अर्ध्या काऊन?"

तिने मान खाली घातली. "सासूलेबी खाज सुटते. तिले न देता एकटीनं कशी खाऊ? घरात आणलेलं वाटूनच खातो आमी."

मी कपाळावर हात मारला. गूळ-शेंगदाणे वाटावेत तशा गोळ्या वाटल्या होत्या. म्हणजे हिला ओसरीवर झोपवणारी बाई हिच्याच गोळ्या खाऊन आपलं गजकर्ण झाकत होती. त्या न पाहिलेल्या बाईचा मला मनस्वी राग आला. "अशाने दोघीही बऱ्या होणार नाहीत," मी म्हटलं. "सासूला घेऊन ये. मुलीलाही आण."

पुढच्या बाजाराला तिघी आल्या. सासू पुढे, नात तिच्या कडेवर.

"मले काही नाही हो. हिचंच पाहा."

मी पडदा ओढून लुगडं सैल करायला लावलं. कमरेवर जुनाट, काळपट पट्टा होता. मग मुलीला टेबलावर घेतलं. मांडीच्या आतल्या बाजूला गोल, ताजा चट्टा. कडेवर बसल्यावर मांडी आजीच्या कमरेला घासते, नेमका तिथे.

सासूने नातीची मांडी पाहिली, मग स्वतःची कमर. बराच वेळ तिला लुगडं आवळायचंही सुचलं नाही.

मी लिहू लागले. तिघींचं औषध वेगळं, टॉवेल वेगळे, कपडे कडक उन्हात. तेच ते. राग ओसरला होता, थकवा तेवढा उरला होता.

मुलगी आईकडे हात पसरून रडत होती. आईचे हात मात्र पदराखालीच राहिले.

"घे ना वं," सासू हळूच म्हणाली. "घे तिले. माह्यापासूनच झालं."

तरी ती जागची हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"घेऊ का, मॅडम?"